स्टिअरिंगमधला जीव कुठे गेला? स्पोर्ट्स सेडानचं बदललेलं रूप आणि बदललेली चाल

रविवारी सकाळी मिसळ खायला निघालेल्या हौशी मंडळींच्या पाच-सहा सेडान नाशिकच्या मखमलाबाद रोडला एका रांगेत लागल्या, की तर्रीची दुसरी वाटी येईपर्यंत विषय निघालेला असतो. वीस वर्षं जुनी गाडी जपणारा म्हणतो, "नव्या गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये जीवच राहिला नाही." नवी टर्बो पेट्रोल घेऊन आलेला म्हणतो, "सावळ घाटात माझ्या मागे तरी राहून दाखवा, काका." दोघांचंही खरं असतं. वाद मिटत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात.

एक गोष्ट म्हणजे पकड. वळणावर गाडी किती वेग झेलते, ब्रेक मारल्यावर किती मीटरांत थांबते, ही तिची मापं. दुसरी गोष्ट म्हणजे खबर. पकड किती उरली आहे हे टायरकडून हाताला, कमरेला आणि कानाला किती लवकर आणि किती स्पष्ट कळतं, ते. गेल्या तीस वर्षांत पकड जवळपास प्रत्येक पिढीत वाढत गेली आणि खबर कमी होत गेली. हे का झालं ते एकेक भाग उघडून बघता येतं. गाडीचं बदललेलं रूप हा वेगळा विषय वाटतो, पण तो याच धाग्यात ओवलेला आहे.

स्पोर्ट्स सेडान म्हणजे चार दारं, मागे डिकी, घरची माणसं आणि सामान नेणारी गाडी, जी वळणावळणाच्या रस्त्यावर चालवणाऱ्यालाही गुंतवून ठेवते. १९६२ ची अल्फा रोमिओ जुलिया, मर्सिडीजची १९० ई २.३-१६, १९८५ ची पहिली बीएमडब्ल्यू एम५ ही या जातीची जुनी नावं. आपल्याकडे १०६ अश्वशक्तीची होंडा सिटी व्हीटेक, १.८ टर्बोची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, फोर्ड फिएस्टा १.६ एस, फियाट लिनिया टी-जेट यांनी हे वेड लावलं. आज ते वेड फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, स्कोडा स्लाव्हिया १.५ आणि ह्युंदाई व्हर्ना टर्बो पुढे नेतात.

हाताला खबर येते कशी

टायर रस्त्याला टेकतो तो भाग साधारण तळहाताएवढा असतो. स्टिअरिंग वळवलं की हा रबराचा तुकडा पीळ खातो आणि परत सरळ व्हायला बघतो. रस्त्याचं बाजूचं बल या तुकड्याच्या बरोबर मध्यावर लागत नाही, जरा मागे लागतं. या अंतराला न्यूमॅटिक ट्रेल म्हणतात. चाकाला सरळ करू पाहणारा जो ओढा हाताला जाणवतो, तो या अंतरातून आणि चाकाच्या कॅस्टर कोनातून (चाक ज्या आसाभोवती वळतं, त्याच्या मागे झुकण्यातून) येतो. पकड संपत आली की तुकड्याचा मागचा भाग आधी सरकायला लागतो, ते अंतर कमी होतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. हे पकड पूर्ण सुटायच्या आधी घडतं. गिरणारे रस्त्यावर द्राक्षबागेतून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरने वळणावर चिखल सांडलेला असतो, तिथे अर्ध्या क्षणाचा हा हलकेपणा म्हणजेच इशारा. जुन्या गाडीचे लोक "गाडी बोलते" म्हणतात, ते याला.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप सतत फिरत असतो. स्टिअरिंगच्या दांड्यात पीळ खाणारी एक बारीक सळई असते. हाताने जोर लावला की सळई पिळते, व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा दाब रॅकला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याला, ढकलतो. तेल मधे असलं तरी टायरकडून येणारी बारीक थरथर बऱ्यापैकी वर पोचते.

इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्येही हात आणि चाक यांच्यामध्ये लोखंडी दांडा असतोच, तो तुटलेला नसतो. फरक मोटरमुळे पडतो. मोटरला स्वतःचं वजन आहे, तिच्या गिअरला घर्षण आहे, आणि बारीक थरथर तिथेच जिरते. वर किती जोर लागावा हे संगणक ठरवतो. त्यातही दोन प्रकार आहेत. छोट्या आणि मध्यम गाड्यांत मोटर बहुधा डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवतात. हा प्रकार स्वस्त आणि आटोपशीर असतो, पण मदतीचं सगळं बल दांड्याच्या सांध्यांतून जातं आणि खबर कमी येते. महागड्या गाड्यांत मोटर थेट रॅकवर असते आणि काम बरंच स्वच्छ होतं. होंडाने १९९९ च्या एस२००० ला इलेक्ट्रिक स्टिअरिंगच दिलं होतं. म्हणून "इलेक्ट्रिक म्हणजे मेलेलं" हे सरसकट विधान चूक आहे. स्वस्तात बसवलेलं आणि नीट न जुळवलेलं इलेक्ट्रिक मात्र खरंच मुकं असतं.

मग सगळे इकडे का वळले? पंप सरळ रस्त्यावरही इंजिनची ताकद खातो, मोटर मदत लागेल तेवढीच वीज घेते. प्रदूषणाचे आणि मायलेजचे नियम आवळत गेल्यावर ही बचत सोडणं कुणालाच परवडणारं नव्हतं. शिवाय गाडीने स्वतः लेन धरायची किंवा स्वतः पार्क व्हायचं, तर स्टिअरिंग फिरवणारी मोटर लागतेच. बीएमडब्ल्यू ३ सिरीजची एफ३० पिढी २०११ मध्ये इलेक्ट्रिक स्टिअरिंग घेऊन आली, त्याच वर्षी पोर्शे ९११ सुद्धा. हौशी जगातला मोठा गदारोळ तेव्हाचा. आपल्याकडे लिनियाच्या आणि जुन्या फिएस्टाच्या स्टिअरिंगची आजही आठवण काढतात, ती हायड्रॉलिक होती.

एक गैरसमज इथेच दूर करू. स्पोर्ट मोड लावला की स्टिअरिंग जड होतं, आणि शोरूममधून बाहेर पडताना तेच "फील" वाटतं. जडपणा म्हणजे खबर नव्हे. वळण आवळत जाईल तसा जोर हळूहळू वाढतो का, आणि ओल्या किंवा वाळू पडलेल्या जागेवर तो किंचित कमी होतो का, हे बघायचं. जोर शेवटपर्यंत एकसारखाच लागत असेल, तर ते स्टिअरिंग जड आणि मुकं, दोन्ही आहे.

बॉनेट उंच झालं तिथून टायर पातळ झाला तिथपर्यंत

१९९८ ची ई४६ पिढीची ३ सिरीज ४,४७१ मिमी लांब आणि १,७३९ मिमी रुंद होती. २०१८ मध्ये सादर झालेली जी२० ४,७०९ मिमी लांब आणि १,८२७ मिमी रुंद आहे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,७२५ वरून २,८५१ मिमीवर गेला, आणि भारतात मिळणारी लांब आवृत्ती तर २,९६१ मिमीची आहे, कारण इथला मालक पुष्कळदा मागे बसतो. आणखी एक तुलना बोलकी आहे. आजची व्हर्टस ४,५६१ मिमी लांब आणि १,७५२ मिमी रुंद आहे. म्हणजे आपली मध्यमवर्गीय सेडान तेव्हाच्या ३ सिरीजपेक्षा मोठी झाली. कॉलेज रोडवरच्या जुन्या सोसायटीचं पार्किंग मात्र तेवढंच राहिलं.

रूप बदललं त्यामागे एक साखळी आहे. पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर पत्र्याखाली लगेच इंजिनचा लोखंडी भाग लागू नये, मधे दबायला जागा हवी, असा नियम युरोपात २००५ पासून नव्या मॉडेलना लागू झाला. जपानमध्येही असा नियम आला, आणि पुढे आपल्याकडेही. नियम योग्यच आहे, त्याने जीव वाचतात. पण त्यामुळे बॉनेट उंच झालं. बॉनेट उंच झालं म्हणून खिडकीची खालची रेघ वर सरकली. बाजूच्या धडकेच्या चाचण्यांसाठी दारं जाड झाली, आणि गाडी उलटली तर छत टिकावं म्हणून काचेचे खांबही जाड झाले. आता एवढ्या उंच पत्र्याखाली १५ इंची चाक खेळण्यातलं दिसायला लागलं, म्हणून चाक १७, १८, १९ इंची झालं. टायरचा बाहेरचा व्यास फार वाढवता येत नाही, म्हणजे कमी झाली ती रबराची भिंत, साइडवॉल.

आणि इथे रूपाचा विषय चालीला जाऊन मिळतो. जाड खांबामुळे घाटातल्या उजव्या वळणाचा शेवट दिसत नाही. उंच खिडकीमुळे माणूस खोल बसल्यासारखा होतो, गाडीचे कोपरे कळत नाहीत आणि कमी वेगातही अंतर राखून चालवावं लागतं. पातळ टायर स्टिअरिंगला चटकन जाब देतो, पण पकड संपण्याआधीचा इशारा आखूड करतो. जाड भिंतीचा टायर आधी झुकतो, कण्हतो, मग घसरतो. पातळ टायर बराच वेळ शांत राहतो आणि मग एकदम सोडतो. मर्यादा वर गेली आणि कडा तीक्ष्ण झाली.

पुढच्या जाळीचा वाद वेगळा आहे. टर्बो इंजिनला आत जाणारी हवा थंड करणारा इंटरकूलर लागतो, त्याला बाहेरची हवा लागते, हे कारण खरं आहे. पण २०२० च्या एम३ ची दातांसारखी उभी जाळी केवळ हवेच्या गरजेतून आली, असं मानता येत नाही. त्याच कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या आय४ ला तेवढीच मोठी जाळी आहे आणि ती बंद आहे. ती ओळखीसाठी आहे. आरशात दिसली की मागे कोण आहे हे कळावं, यासाठी. आवडणं न आवडणं ज्याचं त्याचं. माझ्या मते सेडानची खरी ऐट जाळीत नसून पुढच्या चाकापासून पुढच्या दारापर्यंतच्या अंतरात असते. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवून मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीत हे अंतर लांब असतं आणि चाक नाकाच्या जवळ जातं. इंजिन आडवं आणि पुढची चाकं फिरणारी असली की चाक दाराकडे सरकतं आणि नाक चाकाच्या पुढे लोंबतं. नुसत्या बाजूच्या फोटोवरून गाडीचा सांगाडा ओळखता येतो तो असा.

वजन

ई३९ पिढीची एम५ पावणेदोन टनांच्या आसपास होती, ४.९ लिटरची व्ही८ आणि ४०० अश्वशक्ती. २०२४ ची एम५ व्ही८ शिवाय बॅटरी आणि मोटरही वाहते. ताकद ७२७, वजन जवळपास अडीच टन. मर्सिडीज सी ६३ ने ४ लिटरची व्ही८ सोडून २ लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि मागे मोटर घेतली. ६८० अश्वशक्ती झाली, वजन दोन टनांच्या वर गेलं आणि आवाज गेला. कागदावर ती आधीच्या गाडीपेक्षा वेगवान आहे, तरी चाहते रुसले.

वजनाने काय बिघडतं ते आकड्यात बघू. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. हिशेब सोपा आहे: गाडीचं वजन, गुणिले बाजूचं बल, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन चाकांमधलं अंतर. गाडी १,२५० किलोची, बाजूचं बल अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मं), गुरुत्वमध्य ५५ सेंमीवर, चाकांतलं अंतर १.५ मीटर, तर सुमारे २२९ किलो भार सरकतो. तीच मापं ठेवून गाडी १,७५० किलोची केली की ३२१ किलो सरकतो. एवढा भार आवरायला जाड अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं रोखणारी सळई), कडक स्प्रिंग आणि रुंद टायर लागतात. कडक स्प्रिंगमुळे गाडी झुकत नाही, आणि झुकत नाही म्हणून कमरेला वेग कळत नाही. घाटात ८० वर असताना ५५ वर असल्यासारखं वाटतं. नव्या गाडीत हे सुख आहे आणि धोकाही हाच आहे.

भारतात यात आणखी एक भर पडते. इथे येणाऱ्या बहुतेक सेडान गतिरोधकांसाठी उंच केलेल्या असतात. ३० मिमी उंची वाढली तर वरच्या हिशेबात २२९ चे २४२ किलो होतात, म्हणजे फरक फार नाही. खरा त्रास नंतर बाहेरून उंची वाढवल्यावर होतो. मागे माणसं बसली की गाडी घासते, म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबराची किंवा प्लास्टिकची कडी अडकवून घेतात. कडीने एक वेटोळं बंद पडतं, स्प्रिंग कडक होते, पण शॉकअप जुन्याच स्प्रिंगच्या हिशेबाने बनवलेला असतो. तो तिला आवरू शकत नाही, गाडी उड्या मारते, आणि कडीच्या कडेला ताण साचून स्प्रिंग तिथेच तुटू शकते. गाडी घासत असेल तर आधी थकलेली मागची स्प्रिंग बदलावी. स्ट्रटला (शॉकअप आणि स्प्रिंगच्या जोडाला) स्पेसर लावून उंची वाढवली तर लोअर आर्मचा (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचा) आणि ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलतो, त्यामुळे तोही रस्ता टाळलेला बरा.

इंजिन आणि गिअर

टर्बो नसलेलं इंजिन पायाच्या हलक्या दाबालाही तेवढ्याच प्रमाणात उत्तर देतं आणि ताकद वरच्या आरपीएमला ठेवतं. ई४६ एम३ चं सहा सिलिंडर इंजिन ८,००० पर्यंत फिरायचं. टर्बोमध्ये हवेचा दाब तयार व्हायला क्षणभर लागतो, मग सगळं बल एकदम खालच्या आरपीएमला मिळतं. व्हर्टस जीटीच्या १.५ इंजिनचे २५० न्यूटन मीटर रोजच्या रस्त्यावर फार कामाचे आहेत: सिन्नरच्या चढावर कांद्याच्या ट्रकला मागे टाकताना गिअर खाली घ्यावाच लागत नाही. वर खेचत नेण्याची मजा मात्र लवकर संपते. उलट दिशेचा धक्का आपण २००३ मध्ये बघितला. तेव्हा सिटीची नवी पिढी आली आणि १०६ अश्वशक्तीच्या व्हीटेकच्या जागी ७७ अश्वशक्तीचं इंजिन आलं. मायलेज आणि मागची जागा वाढली, गाडी खूप विकली गेली, हौशी लोकांनी मात्र जुन्या व्हीटेक शोधून जपल्या.

याच व्हर्टसच्या डीएसजीबद्दल, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल, एक व्यावहारिक गोष्ट. त्यातला सात गिअरचा बॉक्स कोरड्या क्लचचा आहे आणि तो सुमारे २५० न्यूटन मीटरपर्यंतच्याच इंजिनांना लावतात. तेलात बुडालेला क्लच थंड राहतो, कोरड्याला फक्त हवेचा आधार. मुंबईहून येताना कसारा घाटात ट्रक बंद पडून रांग लागली, की पुढच्या गाडीला चिकटून इंचाइंचाने सरकणं हे या क्लचला सगळ्यात वाईट. क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि तापतो. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्यावी, मग क्लच पूर्ण लागेल इतकं पुढे जाऊन पुन्हा ब्रेकवर थांबावं. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवू नये. थरथर सुरू झाली किंवा तापल्याची सूचना आली, तर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये थंड होऊ द्यावी.

विजेच्या सेडानबद्दल थोडक्यात. बीवायडी सीलच्या ५३० अश्वशक्तीच्या आवृत्तीचं वजन २,१८५ किलो आहे, पण बॅटरी जमिनीलगत असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो आणि गाडी झुकत नाही. ब्रेकच्या पेडलमध्ये मोटरचा रोध आणि खरे ब्रेक यांची सरमिसळ असते. हा सांधा पायाला जाणवतो का, हे कमी वेगात थांबताना तपासावं.

हरवलेली खबर परत कशी मिळवायची

जुनी गाडी "बोलायची बंद झाली" असं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा कारण झिजलेल्या सुट्या भागांत असतं. नव्या गाडीतही यातलं बरंच लागू पडतं. खर्चाच्या चढत्या क्रमाने सांगतो.

सुरुवात हवेपासून. दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत छापलेला आकडा पाळायचा, आणि गाडी किमान तीन तास उभी असताना मोजायचा. तापमान १० अंश सेल्सिअसने बदललं की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने बदलतो. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटेला भरलेली हवा एप्रिलच्या दुपारी, टायर चालून तापायच्या आधीच, ५ पीएसआयच्या आसपास जास्त भरते. पंपावरचा मुलगा सगळ्यांना सरसकट ३५-४० मारतो, ते नको. जास्त हवेने टायर फक्त मधोमध टेकतो, मध्यावर स्टिअरिंग सैल वाटतं आणि ओल्यात ब्रेकचं अंतर वाढतं.

मग टायर. साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. आकार वाढवायचा असेल तर हिशेब करा. २०५/५५ आर१६ ची भिंत ११३ मिमी आणि व्यास ६३२ मिमी. २२५/४५ आर१७ ची भिंत १०१, व्यास ६३४, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो. २२५/४० आर१८ ला भिंत उरते फक्त ९० मिमी. पावसाळ्यानंतर अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतले रस्ते बघता १७ च्या वर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये भिंत चिमटली की आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. नवं रिम घेताना त्याचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) मूळ रिमएवढा ठेवा. चाक बाहेर काढलं की ऐट येते, पण खड्ड्यात आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग हाताला हिसके देतं आणि बेअरिंग लवकर जातं. सातपूरला टायरचा कारखाना आहे, तरी गाडीचा सगळ्यात कमी विचार करून घेतला जाणारा भाग टायरच, याचं वाईट वाटतं.

अलाइनमेंट करताना आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या. नुसतं स्टिअरिंग सरळ करून देणं म्हणजे अलाइनमेंट नव्हे. पुढच्या टोवर, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत यावर, मध्यावरचा नेमकेपणा अवलंबून असतो. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढते. तो फरक बहुतेक गाड्यांत बोल्ट फिरवून जात नाही, कारण तो वाकलेल्या लोअर आर्मचा किंवा सबफ्रेम सरकल्याचा असतो. मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरणारं) असलेल्या गाडीत मागचा टोही लावून घ्या. टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी एकच तुळई) असेल तर टो बहुधा लावता येत नाही.

यानंतर बुश, म्हणजे सांध्यांतले रबरी तुकडे, आणि सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. लोअर आर्मचा मागचा बुश फाटला की ब्रेक मारताना चाक किंचित मागे सरकतं, टो बदलतो आणि गाडी भरकटते. वळणात शिरताना आधी काहीच होत नाही, मग एकदम नाक वळतं. गाडी लिफ्टवर घेऊन टॉमीने आर्म हलवला की रबरातली चीर दिसते. लिंक रॉड गेला तर छोट्या खड्ड्यांवर खडखड येते, टाय रॉड एंड गेला तर स्टिअरिंगच्या मध्यावर मोकळीक येते. बदलताना होणारी एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. आर्मचे बोल्ट गाडी हवेत लोंबत असतानाच पूर्ण आवळतात. बुशचं रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. हवेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर येऊ द्यायचं, मग सांगितलेल्या टॉर्कला आवळायचे. काम देण्याआधी मिस्त्रींना हे सांगा, आणि शेवटचं आवळणं समोर उभं राहून बघा. पॉलियुरेथेनचे बुश नेमके असतात, पण रस्त्याचा आवाज आत येतो आणि त्यांना वेळोवेळी ग्रीस लागतं. रोजच्या गाडीला मूळ रबरच बरं.

शॉकअप जोडीनेच बदला, आणि त्याबरोबर वरचं स्ट्रट माउंट आणि बंप स्टॉपही. अंगावर धूळ चिकटलेला हलका ओलावा चालतो, पण तेलाचा ओघळ दिसला तर तो गेलाच. टायर लाटांसारखा झिजला असेल तर गाडी हाताने दाबून बघण्याच्या परीक्षेपेक्षा तीच जास्त खरी खूण आहे.

हायड्रॉलिक गाडीत टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच तेल घाला. काहींना लाल एटीएफ लागतं, काहींना वेगळं हिरवं तेल, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत. पार्क करताना स्टिअरिंग टोकाला दाबून धरू नका, पंप तापतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. डॉट ४ चा उकळण्याचा बिंदू नवा असताना किमान २३० अंश असतो, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. इगतपुरीच्या चार महिन्यांच्या पावसात राहणाऱ्या आणि कसारा घाट नेहमी उतरणाऱ्या गाडीला हे जास्तच लागू पडतं. घाट ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरा.

टेस्ट ड्राइव्ह कुठे न्यायची

शोरूमचा माणूस मुंबई-आग्रा हायवेवर तीन किलोमीटर सरळ नेऊन परत आणतो. तिथे प्रत्येक नवी गाडी उत्तम वाटते. आधीच सांगून एक तास मागून घ्या आणि मागे दोन माणसं बसवा. गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे गिरणारेकडे जा. तुटक्या डांबरावर ४० च्या वेगात गाडी एका धक्क्यात सावरते की दुसऱ्यांदा उसळते, हे मागच्या माणसांना विचारा. त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या अलीकडे मोकळा तुकडा सापडला आणि मागे कुणी नसलं, की ६० वर स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवा. नाक लगेच वळतं की आधी मोकळीक जाते, आणि हात सैल केल्यावर ते आपणहून मध्यावर येतं का, ते बघा. उड्डाणपुलाच्या सांध्यांवरून जाताना संगीत बंद ठेवा, धप्पकन आवाज येतो की टकटक, ते ऐका. जुनी गाडी घेत असाल तर हाच फेरा गाडी थंड असताना सुरू करा, आणि परत आल्यावर स्टिअरिंग सोडून हलका ब्रेक मारून बघा. गाडी डावी-उजवीकडे गेली, तर सौदा करण्याआधी लोअर आर्मचे बुश लिफ्टवर बघून घ्या.